पस्तीस जिल्ह्यांचे सत्तावीस कसे झाले

जिल्हावार आकडे जुळवणं हे माझं रोजचं काम. 'आर' या आकडेवारीच्या संगणकीय भाषेत 'मर्ज' लिहिलं की दोन तक्ते जोडले गेले, असंच मलाही आधी वाटायचं. एकदा २०११ च्या जनगणनेचा महाराष्ट्राचा तक्ता (३५ जिल्हे) दवाखान्यांच्या ताज्या यादीला (३६ जिल्हे) जोडला, तर हाती आल्या २७ ओळी. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, काही नाही.

'मर्ज' मुळात दोन्हीकडे सापडलेल्याच ओळी ठेवतं, बाकीच्या गुपचूप गाळतं. म्हणून 'ऑल.एक्स = ट्रू' लिहायची सवय लावून घ्या. मग डावा, म्हणजे आधी लिहिलेला तक्ता पूर्ण राहतो आणि जोडी न मिळालेल्या ठिकाणी 'एनए', म्हणजे 'माहिती नाही', असं दिसतं.

कोणत्या रकान्यावर जुळवायचं तेही 'बाय'मध्ये स्वतः सांगा. नाही सांगितलं तर दोन्हीकडे सारख्या नावाचे जेवढे रकाने आहेत, त्या सगळ्यांवर ते जुळवत बसतं. माझ्या दोन्ही तक्त्यांत 'टोटल' होता, एकात माणसं आणि दुसऱ्यात खाटा. कसं जुळणार! आणि एकही नाव सारखं नसेल तर प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीला चिकटते: ३५ गुणिले ३६, म्हणजे १२६०. रकान्यांची नावं वेगळी असतील तर 'बाय.एक्स' आणि 'बाय.वाय' वापरा.

आता गळालेली नावं. 'डीप्लायर' या 'आर'च्या जोड-संचातलं 'अँटी_जॉइन' एका तक्त्यातल्या जोडी न मिळालेल्या ओळी दाखवतं, ते दोन्ही दिशांनी चालवा. मला एकीकडून आठ नावं मिळाली, दुसरीकडून नऊ. जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग 'बी-आय-डी', यादीत 'बी-डबल ई-डी'. रायगडच्या शेवटी जनगणनेत 'आर-एच', यादीत नुसता 'डी'. बुलढाणा, गोंदियाचं तसंच. मुंबईला यादीत 'सिटी' हे शेपूट. शिवाय औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावंच बदललेली. नावाच्या मागे चिकटलेली रिकामी जागाही जोडी मोडते, ती 'ट्रिमडब्ल्यूएस'नं काढा.

स्पेलिंग सुधारत बसण्यापेक्षा जनगणनेचे कोड वापरा, असं माझं मत. महाराष्ट्रात ते नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत आहेत. मात्र कोड अक्षरं म्हणून वाचून घ्या. उत्तर प्रदेशचा राज्य-कोड '०९' एका फाइलीत आकडा म्हणून वाचला गेला की नुसता ९ उरतो, आणि मग जुळत नाही. देशभराचा तक्ता असेल आणि नावावरच जुळवायचं असेल, तर राज्य आणि जिल्हा असे दोन्ही रकाने द्या. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, हमीरपूर हिमाचलात आणि उत्तर प्रदेशातही.

उजव्या तक्त्यात एखादा जिल्हा दोनदा असला तर डावी ओळही दोनदा येते आणि बेरीज फुगते. जोडण्याआधी उजव्या तक्त्याच्या जुळवायच्या रकान्यावर 'एनीडुप्लिकेटेड' चालवा, ते दुबार नोंद शोधतं. शून्य आलं पाहिजे. जोडल्यावर 'एनरो'नं ओळी मोजा. माझ्याकडे ३५ हवेत म्हणजे ३५ च.

राहिला नववा, पालघर. हा कोडनंही सुटत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जनगणनेतल्या ठाण्याच्या १,१०,६०,१४८ लोकांत पालघरचे लोकही आहेत. तसंच जोडलं तर ठाण्यात माणसांच्या मानानं खाटा फारच कमी दिसतात. मी पालघरच्या खाटा आधी ठाण्यात मिळवते आणि मगच 'मर्ज' करते. रकान्यात टक्के असतील तर मात्र बेरीज करू नका. मूळ आकडे मागवा.