किमो चालू असताना नोकरी: तारखा कशा बसवायच्या

फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. हे कळलं की जो भेटेल तो म्हणतो, आता काम सोड. मी सोडलं नाही. पगाराची गरज होतीच, शिवाय हिशेब जुळवत बसले की तेवढा वेळ डोक्यात रिपोर्ट घोळत नाहीत. तुम्हालाही काम चालू ठेवायचं असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा: औषध किती दिवसांनी, आणि त्यातले कुठले दिवस जड जातात?

माझी किमो पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन या दोन औषधांची. तिची सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, 21 दिवसांची. डोसच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्टिरॉइडची गोळी असते. तेव्हा झोप लागत नाही, अंगात भलताच उत्साह असतो. त्या भरात कुणाला कामाचा शब्द देऊ नका. गोळी थांबली की अंग गळून जातं, दोन ओळींची मेलसुद्धा पुन्हा पुन्हा वाचावी लागते. हे दिवस मी रजेतच धरते. पुढे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात बरं वाटत असलं तरी घरूनच काम. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर मीटिंग अर्धवट सोडून आधी हॉस्पिटलला फोन. तिसरा आठवडा खरा कामाचा, अवघड फायली तेव्हाच काढायच्या.

महिनाअखेरचं हिशेबाचं काम मात्र 21 दिवसांच्या चक्रात बसत नाही, दर महिन्याला सायकलच्या वेगळ्याच दिवसावर येतं. म्हणून पुढच्या सगळ्या सायकलींच्या तारखा मी आधीच कॅलेंडरवर मांडते आणि ज्या महिन्यात टक्कर होते, तिथलं काम सहकाऱ्याकडे देते. फाइल कुठे आहे, काय झालंय, कुणाच्या उत्तराची वाट आहे, एवढं लिहून ठेवलं की तिला मला फोन करावा लागत नाही.

साहेबांना सगळा आजार उलगडून सांगायची गरज नाही. कुठल्या तारखांना नसाल, कधी घरून बसाल, एवढं स्पष्ट सांगा. माणसं तेवढं समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांना किमो लागतेच असं नाही. तपासणीत ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतल्या ईजीएफआर या जनुकात बदल, निघालं, तर ओसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी असू शकते. रजा कमी लागतात, पण जुलाब, पुरळ, तोंड येणं, नखुरडं हे होऊ शकतं, आणि नखुरडं झालेल्या बोटाने टायपिंग करणं फार त्रासाचं. खोकला किंवा दम नव्याने सुरू झाला तर त्याच दिवशी कळवा, औषधानेही फुफ्फुसाला सूज येऊ शकते. मेंदूत गाठ असेल तर गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑफिसला गाडी नेऊ नका.

स्कॅनपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत लक्ष लागत नाही. त्या दिवसांत मी कुठलीच डेडलाइन घेत नाही.

काम झेपेनासं झालं तर थेट राजीनामा लिहू नका. अर्धवेळ काम किंवा बिनपगारी रजा मिळते का, आणि नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा बंद होतो का, हे आधी एचआरकडून लेखी घ्या. ही बोलणी तिसऱ्या आठवड्यात करा, डोकं तेव्हा ठिकाणावर असतं.