लायडार आणि स्टिरिओ कॅमेरा जोडताय? या चुका टाळा

लायडार लेझरने अंतर मोजतो, स्टिरिओ कॅमेरा शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून. लायडारने मोजलेले पॉइंट कॅमेऱ्याच्या चित्रावर टाकले आणि ते खांबाच्या कडेला नीट बसले नाहीत, की बहुतेक जण पुन्हा कॅलिब्रेशन (दोन सेन्सर एकमेकांपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात आहेत ते ठरवणं) करायला बसतात. जरा थांबा. पॉइंट कसे सरकलेत ते आधी बघा.

जवळच्या-लांबच्या सगळ्याच वस्तूंवर साधारण सारखेच पिक्सेल सरकलेत? मग कोन चुकलाय. फोकल लेंग्थ (कॅमेऱ्याच्या लेन्सपासून चित्रापर्यंतचं अंतर, इथे पिक्सेलमध्ये मोजलेलं) ७०० पिक्सेल धरली, तर अर्ध्या अंशाची चूक सहा पिक्सेलची. २० मीटरवर तीच सुमारे १७ सेंटिमीटर होते. जवळचं जास्त सरकलंय आणि लांबचं जागेवर आहे, तर दोन सेन्सरमधलं अंतर चुकीचं भरलंय. २ सेंटिमीटरची अशी चूक १ मीटरवर १४ पिक्सेल दिसते, २० मीटरवर एक पिक्सेलही नाही. एकाच अंतरावर कॅलिब्रेशनचा नक्षीदार बोर्ड धरून कॅलिब्रेशन केलं की या दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडे छान दिसतात. बोर्ड जवळ, लांब, तिरका असा फिरवायचा.

उभं असताना सगळं चोख आणि वळताना बिघडतं, तर घोळ वेळेचा. १० हर्ट्झचा लायडार एका फेरीला १०० मिलिसेकंद घेतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १ मीटर पुढे गेलेली असते. टाइमस्टॅम्प, म्हणजे मोजमापावरची वेळेची नोंद, सेन्सरने मोजल्या क्षणाचा हवा, डेटा कॉम्प्युटरवर पोचल्याचा नव्हे.

खांबामागच्या भिंतीचे पॉइंट खांबावर उमटतात, त्याला मात्र कॅलिब्रेशनचा इलाज नाही. लायडार कॅमेऱ्याहून वेगळ्या जागी बसलेला असल्यामुळे त्याला ती भिंत खरंच दिसते. आसपासच्या पिक्सेलमध्ये जवळचा पॉइंट असेल तर मागचा काढून टाका.

आणि लायडार आणि स्टिरिओने दिलेल्या दोन्ही अंतरांची सरळ सरासरी? कृपा करून नको. स्टिरिओची चूक अंतराच्या वर्गाने वाढते. वरचीच फोकल लेंग्थ, १२ सेंटिमीटरची बेसलाइन (दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर) आणि पाव पिक्सेलची डिस्पॅरिटी-चूक (एकच वस्तू दोन चित्रांत किती सरकलेली दिसते ते मोजण्यातली चूक) धरा: २ मीटरवर सव्वा सेंटिमीटरही नाही, १० मीटरवर ३० सेंटिमीटर. लायडारची चूक त्या मानाने फारशी बदलत नाही. प्रत्येक पिक्सेलवर दोन्ही मोजमापांना अंतरानुसार कमी-जास्त वजन (महत्त्व) द्या. पण एकसारख्या गजांच्या रेलिंगवर स्टिरिओ भलताच गज जुळवून छातीठोकपणे चुकतो. तिथे वजन कमी करून भागत नाही, ते मोजमाप फेकूनच द्यावं लागतं.

काचेपुढे तर दोघांचंही चालत नाही. लेझर आरपार जातो, कॅमेरा प्रतिबिंब जुळवतो. तिथे गणित लढवत बसण्यापेक्षा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा.