बॅलरॅटचा सोन्याचा परवाना अभ्यासताना

मेलबर्नला इतिहासात मास्टर्स करायला आले तेव्हा प्रबंधाचा विषय डोक्यात नव्हता. पहिल्याच सत्रात वर्गाची सहल बॅलरॅटला, म्हणजे व्हिक्टोरियातल्या जुन्या सोन्याच्या गावी गेली. तिथे एका काचेच्या पेटीत हातात मावेल एवढा पिवळट कागद ठेवला होता. मजकूर छापील, आणि मधल्या रिकाम्या जागांत शाईने भरलेलं नाव, रक्कम, महिना, खाली सही. मला वाटलं, हा तर लोकलचा पास! तो होता डिगरचा, म्हणजे सोनं खणणाऱ्याचा, मासिक परवाना. पुढचं दीड वर्ष मी त्या कागदाबरोबर काढलं. आता दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी मेसेज करून विचारतो, 'ताई, हा विषय घेऊ का, कुठून सुरू करू?' त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे या परवान्याविरुद्ध बॅलरॅटच्या डिगरांनी केलेल्या बंडापासून सुरू करू नका. ३ डिसेंबर १८५४ ची पहाट, बंडखोरांनी उभारलेला युरेकाचा लाकडी कोट, त्यांचा पुढारी पीटर लेलर, निळा झेंडा, हे सगळं तुम्हाला आपोआप भेटणारच आहे. मी तिथूनच सुरुवात केली, आणि तीन महिन्यांनी माझ्याकडे एक छान गोष्ट होती, पण लोक नेमके कशावर चिडले होते ते मला दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मसुदा परत देताना एवढंच म्हटलं, 'आधी परवाना वाच.'

मग वाचला. मथितार्थ असा: धारकाने अमुक रक्कम भरली आहे, म्हणून अमुक महिन्यात सरकारी जमिनीवर सोनं शोधायला, खणायला आणि न्यायला त्याला मुभा आहे. परवाना दुसऱ्याला देता येणार नाही. अधिकारी मागेल तेव्हा दाखवावा लागेल. रविवार पाळावा, अशीही ताकीद. यातला प्रत्येक शब्द पुढे कुणाच्या ना कुणाच्या पायात आला.

'सरकारी जमीन' म्हणजे काय, तर सोनं सापडलं की ते राणीचं, हा इंग्लंडचा जुना कायदा. १५६८ च्या एका खटल्यात तो पक्का झाला होता. लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब याने ऑगस्ट १८५१ मध्ये जाहीरनामा काढला आणि १ सप्टेंबरपासून महिना तीस शिलिंग लावले. व्हिक्टोरिया वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नोकर, मेंढपाळ, खलाशी सगळे कामं टाकून डोंगराकडे पळत होते. फी जबर ठेवण्यामागे महसूल होताच, पण या लोकांनी आपापल्या कामावर परत जावं हाही हेतू होता. आणि ज्या वाथौराँग लोकांची ती मूळची भूमी, त्यांना या कागदात कुठेच जागा नाही. प्रबंधात हे पहिल्या प्रकरणात येऊ द्या, शेवटच्या तळटीपेत नको.

आता तीस शिलिंग म्हणजे किती? नवे विद्यार्थी हा आकडा तसाच लिहून पुढे जातात. थांबा आणि हिशेब करा. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे तीस शिलिंग दीड पौंड. सुरुवातीच्या काळात खणतीच्या जागेवर एका औंसाला साधारण तीन पौंड मिळत. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. म्हणजे महिन्याला अर्धा औंस, सुमारे साडेपंधरा ग्रॅम, आपल्या भाषेत सव्वा तोळ्याच्या वर सोनं फक्त खणायची परवानगी म्हणून. सोनं मिळो न मिळो. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'दर महिन्याला?' तुमच्या वाचकाच्या तोंडून हाच प्रश्न निघाला पाहिजे.

बॅलरॅटला ही फी जास्त का बोचली, हे कळायला जमिनीखाली उतरावं लागतं. व्हिक्टोरियातल्या दुसऱ्या खणतींवर, बेंडिगोला किंवा फॉरेस्ट क्रीकला, सुरुवातीचं बरंच सोनं वरच्या थरात होतं. बॅलरॅटचं सोनं पुरलेल्या जुन्या नदीपात्रांत, कुठे कुठे शंभर फुटांच्याही खाली. सुरुवातीला माणशी जागा आठ फूट बाय आठ फूट, पुढे बारा बाय बारा. चार-सहा जण मिळून विहीर खणणार, पाणी उपसणार, लाकडाचे आधार लावणार, महिने जाणार, आणि तळाशी पोचल्यावर नदीचं पात्र दहा फूट बाजूने गेलेलं. तोवर प्रत्येकाने प्रत्येक महिन्याची फी भरलेली. एवढं लक्षात आलं की चिडीचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं 'मागेल तेव्हा दाखवावा लागेल' यात आहे. ओल्या चिखलात कंबरेपर्यंत उभा असलेला माणूस कागद खिशात कसा ठेवेल? तो तंबूत कोटाच्या खिशात राहायचा. शिपाई वरून ओरडला की चढून वर या, दाखवा, पुन्हा उतरा. फी भरलेली असूनही कागद जवळ नसेल तर दंड, पहिल्या वेळी पाच पौंडांपर्यंत. पास घरी विसरल्यावर टीसीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको. दंडाचा काही वाटा पकडून देणाऱ्याला मिळे, त्यामुळे शिपायांचा उत्साहही समजतो. कोठड्या अपुऱ्या, म्हणून पकडलेल्यांना झाडाला किंवा ओंडक्याला साखळीने बांधून ठेवत. तपासणीची धाड आली की खणतीवर एकच आरोळी उठे, 'जो! जो!' ला ट्रोबच्या मधल्या नावावरून. दादरच्या फुटपाथवर 'गाडी आली' ऐकलंय ना? तसंच. दोन हाकांत संपूर्ण दरी रिकामी.

शब्दाबद्दल एक तक्रार करून घेते. मराठीत लिहिताना या लोकांना 'खाणकामगार' म्हणू नका. कामगार म्हटलं की मालक, पगार आणि युनियन डोळ्यांसमोर येते. हे स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या जोखमीवर खणणारे होते. म्हणूनच त्यांची मागणी पगारवाढीची नव्हती, कर भरतो तर मत द्या आणि जमीन घेऊ द्या अशी होती. मी सरळ 'डिगर' लिहिते.

आता माझी चूक, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. फी एकच होती असं धरून मी एक तक्ता केला होता, परवान्यांची एकूण वसुली भागिले दर. निघालेली संख्या डिगरांची म्हणून मी अभिमानाने सादर केली. दोन्ही टोकांनी चूक. वर्षभर राहिलेला एकच माणूस त्यात बारा वेळा मोजला गेला, आणि चुकवणारे हजारो मोजलेच गेले नाहीत. शिवाय दरही बदलत गेले. डिसेंबर १८५१ मध्ये सरकारने जानेवारीपासून तीन पौंड जाहीर केले, फॉरेस्ट क्रीकला प्रचंड सभा झाली, आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे. म्हणजे तीन पौंडांचा दर जाहीर झाला, पण लागू कधीच झाला नाही, आणि माझ्या तक्त्यात तो ऐटीत बसला होता. १८५३ मध्ये बेंडिगोच्या लोकांनी फी दहा शिलिंग करा म्हणून अर्ज केला. हजारो सह्यांची ती गुंडाळी उलगडली तर तेरा मीटरच्या वर भरते, आणि मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत जपलेली आहे. त्या वर्षअखेरच्या कायद्याने फी महिन्याला एक पौंड, तिमाहीला दोन, सहामाहीला चार, वर्षाला आठ अशी झाली. फी उतरली, पण नवा गव्हर्नर हॉथम याने सप्टेंबर १८५४ पासून तपासणी आठवड्यातून दोनदा करायला लावली. बॅलरॅट पेटलं ते दर कमी झाल्यानंतर, हे विसरू नका.

कागदपत्रांसाठी पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, नॉर्थ मेलबर्न. पेटी आधी मागवून ठेवा आणि शाईचं पेन घरी ठेवा, तिथे पेन्सिलच चालते. त्याआधी महिनाभर ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर, जुनी वर्तमानपत्रं वाचा, फुकट आहेत. मेलबर्नचं 'आर्गस' आणि बॅलरॅटची पत्रं शेजारी ठेवून एकच सभा दोन्हीकडे वाचली की बरंच कळतं. चिनी डिगरांची नावं शोधत असाल तर संयम ठेवा, कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. त्यांचा हिशेबच निराळा होता. १८५५ च्या कायद्याने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसला, म्हणून हजारो जण शेजारच्या वसाहतीत रोब बंदरावर उतरून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आले. त्याच वर्षी, चौकशी आयोगाच्या शिफारशीवरून, मासिक परवाना गेला. त्याजागी वर्षाला एका पौंडात 'मायनर्स राइट' आला, त्याबरोबर मतदानाचा हक्क, आणि महसुलासाठी निर्यात होणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग कर. एकच वर्ष, एकच सरकार. ही दोन पानं समोरासमोर ठेवून कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. माझा तो राहून गेला.

मायनर्स राइट अजून चालू आहे बरं का. व्हिक्टोरियात हौसेने सोनं शोधायचं तर तो लागतोच, दहा वर्षं चालतो. पदवी मिळाल्यावर मीही काढला आणि भाड्याचं डिटेक्टर घेऊन क्लून्सकडे गेले. दिवसभरात दोन गंजके खिळे आणि बिअरच्या बाटलीचं एक झाकण. राइट मात्र सबंध वेळ जाकिटाच्या आतल्या खिशात होता, दर अर्ध्या तासाने चाचपून बघत होते.