ढोबळी मिरचीला फुलं येतात पण फळ धरत नाही? या चुका टाळा

नाशिकात गच्चीवर ढोबळी लावणाऱ्यांची ही हमखास तक्रार. झाड हिरवंगार असतं, कळ्याही भरपूर येतात आणि चार दिवसांत सगळी फुलं कुंडीत गळून पडलेली दिसतात. लगेच फवारणीचा पंप काढू नका. बहुतेकदा चुकलेली असते ती लागवडीची वेळ. फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं ते थेट एप्रिलच्या उन्हात, आणि दिवसाचा पारा ३२ अंशांवर गेला की ढोबळीचं फूल टिकत नाही. आपली थंडीही तिला सोसत नाही. रात्री १५ अंशांखाली गेल्या की फळधारणा मंदावते, धरलेली फळंही वेडीवाकडी होतात. बी ऑगस्टमध्ये टाका आणि पाच-सहा आठवड्यांची रोपं कुंडीत लावा, म्हणजे पहिला बहर कडाका पडायच्या आत धरतो. फूलगळ थांबावी म्हणून युरिया तर अजिबात नको, त्याने नुसता पाला माजतो.

दुसरी चूक म्हणजे कुंडीत नुसती काळी माती भरणं. ती ओली असताना चिकट गोळा होते, वाळली की भेगाळते. पाण्याच्या अशा ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि फळाच्या बुडाशी तपकिरी, चामड्यासारखा चट्टा पडतो. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. मातीत निम्मं कोकोपीट आणि शेणखत मिसळा, पाणी नेमाने द्या.

पानं आकसली की सगळे 'बोकड्या', म्हणजे पानं आकसण्याचा रोग, आला म्हणतात. पण पान उलटून नीट बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारे अगदी बारीक जीव. फुलकिड्यांना संध्याकाळी निंबोळी तेल चालतं. कोळ्यांसाठी द्राक्षबागेतलं पाण्यात मिसळणारं गंधक वापरतात, मात्र ते तेलाच्या फवारणीपाठोपाठ मारलं तर पानं करपतात. दोन्हींत दोन आठवडे तरी जाऊ द्या.

फळ ओढून तोडू नका, फांदी मोडते. कात्रीने देठासकट कापा.

आता पीठ पेरून भाजी. तिचा लगदा होतो तो झाकणामुळे आणि आधी घातलेल्या मिठामुळे, दोन्हींनी मिरचीला पाणी सुटतं. बेसन आधी कोरडंच खमंग भाजून ठेवा. मोहरी-हिंगाच्या फोडणीत फोडी मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता. कडा जरा डागाळल्या की मीठ, तिखट, चिमूटभर साखर घाला, पीठ भुरभुरा आणि वरून पाण्याचा एक हबका मारा. दोन मिनिटांत गॅस बंद.