मल्टिटूल संत्र्याच्या कामाचं कसं करून घ्यावं

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात आता बऱ्याच पोरांच्या कमरेला मल्टिटूल, म्हणजे चाकू, करवत, पेचकस असं सगळं एकात असलेलं घडीचं अवजार दिसतं. चांगलीच गोष्ट आहे. पण ते घडवताना कंपनीने गिर्यारोहक, गाडी दुरुस्त करणारा, मासे धरणारा अशा सगळ्यांचाच विचार केलेला असतो. संत्र्याची कलमं बांधणारा माणूस तिथे कुणाच्या डोळ्यापुढे नसतो. म्हणून डोळे भरायला, म्हणजे संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवायला बसलं की खिशातून वेगळा चाकू निघतो आणि मल्टिटूलमधली निम्मी अवजारं वर्षभर उघडत नाहीत. माझं सांगणं असं की दुसरं काही विकत घेण्याआधी आहे त्यातलीच दोन-तीन पाती आपल्या कामाला वळवून घ्या.

आधी सांधा पाहा. पाती ज्यावर फिरतात तो खिळा स्क्रूचा आहे की रिवेटचा, यावर पुढचं सगळं ठरतं. व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू पितळी रिवेटवर बसवलेले असतात. ते खोलायच्या भानगडीत पडू नका, जे घासायचं ते पातं उघडून जागेवरच घासा. लेदरमनच्या वेव्हसारख्या मॉडेलला स्क्रू असतात, पण त्यांची खाच चांदणीच्या आकाराची आणि मधे बारीक खुंटी असते. तिथे मधे भोक असलेलाच बिट चालतो. साधा पेचकस रेटला तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू कायमचा गेला. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडच्या बिटांच्या सेटमध्ये टी८ आणि टी१० मिळतात, बहुतेक काम त्यावर निघतं. स्क्रू हलत नसेल तर आत लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, आहे असं समजा. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं की ते मऊ पडतं.

खोलताना परातीत जुनं धोतर अंथरा आणि प्रत्येक थर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पात्यांच्या मधे कागदासारखे पातळ वायसर असतात. त्यांची जागा बदलली तर पातं एक तर जाम होतं, नाही तर लडबडतं. आणखी एक गोष्ट खोलण्याआधीच मनाशी ठरवा: बदल केलेल्या मल्टिटूलची वॉरंटी कंपनी मानत नाही. लेदरमनची २५ वर्षांची असते, तेव्हा हा सौदा परवडतो का ते ज्याचं त्याने पाहावं. मला परवडतो, कारण हिवाळ्यात नर्सरीत डोळे भरायचं काम सुरू झालं की ते पातं दिवसभर माझ्या हातात असतं.

आता खरं काम. साधं पातं आहे तसंच राहू द्या; दोऱ्या, पोती, पाइप त्याच्यानेच कापायचे. बदलायचं ते दातेरी पातं. पुष्कळ मल्टिटूलमध्ये याचे दाते एकाच बाजूने पाडलेले असतात आणि दुसरी बाजू सपाट असते. कलमाच्या चाकूलाही नेमकं हेच लागतं, एका बाजूला उतार आणि एक बाजू सपाट. म्हणजे निम्मं काम कंपनीनेच करून ठेवलेलं असतं. आपल्याला दाते जाईस्तोवर धार मागे न्यायची आणि उतार एकसारखा करायचा. डावखुऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा. उताराची बाजू हाताशी जुळली नाही तर चाकू काडीत खोल घुसतो आणि साल सोलण्याऐवजी लाकूड निघतं. आधी कोवळ्या काडीवर चालवून पाहा.

किती घासायचं त्याची रेघ मार्करने आखा. कानस या पोलादावर नुसती घसरते, कारण पातं जवळपास तिच्याइतकंच टणक असतं. जाड दाण्याची डायमंड प्लेट घ्या आणि सवडीने घासा. घाई असली आणि ग्राइंडर वापरायचाच असला तर डोळ्यांवर चष्मा हवा, हातात मोजे नकोत, आणि बाजूला पाण्याची बादली पाहिजे. मोजे नकोत याची कारणं दोन. फिरत्या चाकात मोजा अडकला तर हात ओढला जातो. आणि पातं किती तापलं हे उघड्या बोटालाच कळतं. बोटाला चटका लागतोय असं वाटलं की लगेच पाण्यात. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे पात्याचं पाणी उतरलं, टणकपणा गेला. आमच्या गावचे लोहारबुवा म्हणतात, “पानी उतरलं का मंग ते पोलाद नाही राह्यत, बावा.” तेवढा भाग घासून काढल्याशिवाय पुन्हा धार टिकत नाही.

उतार साधारण २० अंशांचा ठेवा. त्याहून पातळ केला तर धार छान लागते, पण जंबेरीच्या (ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवतात त्याच्या) खुंटावर सालीला इंग्रजी टीसारखा काप घेताना ती लवकर मोडते. बारीक दगडावर फक्त उताराची बाजू ओढत राहा. मागच्या बाजूला नखाला लागेल अशी कोर उमटली की पातं सपाट टेकवून एक-दोन हात फिरवा, कोर निघून जाते. सपाट बाजू किंचितही उचलून घासू नका. ती सपाट असते म्हणूनच डोळा ढालीसारखा एका कापात, काठ न फाटता निघतो. शेवटी कातडी पट्ट्यावर पॉलिश. कागदाचा तुकडा हवेत धरून कापला जातो की नाही हे पाहण्यापेक्षा संत्र्याची कोवळी डहाळी कापून पाहा. काप ओला आणि चकचकीत दिसला पाहिजे, खरबरीत नको.

पात्याचं बूड, जिथे लॉकची पट्टी येऊन बसते, तिथे हात लावू नका. तिथलं केसभर लोखंड गेलं तरी भर कामात पातं बोटावर मिटू शकतं.

साल उचलायला मोठा चपटा पेचकस घ्या. त्याचे कोपरे गोल करा, टोक पातळ करा, पण धार ठेवू नका. मग ४००, ८०० आणि १५०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून आरशासारखा करा. सालीखालचा ओला थर ओरखडला की डोळा धरत नाही, म्हणून इथे गुळगुळीतपणाला फार किंमत आहे.

टोच्याचं ठिबकवाल्यांनी ऐकावं. मल्टिटूलच्या टोच्याला बहुधा एक धारदार कड असते, चामड्यात भोक मोठं करायला. त्याने १६ एमएमच्या नळीला भोक पाडलं तर कड नळी चिरते आणि ड्रिपरच्या बाजूने पाणी पाझरत राहतं. ती कड घासून टोच्या गोल, सुईसारखा निमुळता करा. मग नळी चिरत नाही, ताणली जाते आणि ड्रिपरचा काटा घट्ट धरते. भोक काट्यापेक्षा थोडं लहानच हवं, तेव्हा टोच्या किती आत जाऊ द्यायचा तिथे रेघ कोरून ठेवा.

करवत आहे तशी ठेवा, बोटाएवढी सल, म्हणजे वाळकी फांदी, काढायला ती पुरते. लेदरमनच्या सर्जमध्ये करवत बदलायची सोय आहे आणि त्यात जिगसॉची टी-शँक पाती बसतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पातं हँडलात मावेल एवढं कापून घ्या. मोटरच्या स्टार्टरसाठी हँडलला टेप गुंडाळून इन्सुलेशन होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हे अवजार सगळं धातूचं आहे. थ्री फेजचा स्टार्टर मेन स्विच पाडल्याशिवाय उघडूच नये.

एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसणं पुरत नाही. लिंबूवर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिससारखे रोग चाकूच्या धारेवरून पसरतात आणि त्यांचा व्हायरॉइड (विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक) स्पिरिटने किंवा काडीच्या ज्योतीने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं एक-दोन टक्क्याचं द्रावण. पण ब्लीचने स्टीलला बारीक खड्डे पडतात, म्हणून संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. जवसाचं किंवा सोयाबीनचं तेल नको, ते चिकट होतं आणि काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं.

जोडताना स्क्रूला निळा लॉकटाइट थेंबभरच लावा. लाल लावला तर पुढच्या वेळी खोलताना रडू येईल. पातं एका अंगठ्याने उघडावं पण खाली झटकलं तर आपोआप पडू नये, इतपत कसा. लॉकटाइट वाळायला एक रात्र द्या. काढून टाकलेली पाती आणि उरलेले वायसर एका डबीत घालून डबीवर मॉडेलचं नाव लिहून ठेवा. ते टूल पुढे कुणाला विकायचं झालं तर घेणारा आधी तेच मागतो.