रजई धुण्याआधी दोरी बघा

रजई भिजवायला दहा मिनिटं पुरतात, रडवते ती वाळवताना. एकदा मी उत्साहाच्या भरात दुपारी दोन वाजता डबलबेडची रजई टबात बुडवली. संध्याकाळी वाळत घालायला गेले तर दोरीच तुटून खाली आली. मग दोन खुर्च्या, वर रजई आणि रात्रभर पंखा. दुसऱ्या दिवशी वरून कोरडी लागली म्हणून घडी घालून कपाटात ठेवली. आठवड्याने दार उघडलं तर कपाटभर कुबट वास. ती पुन्हा धुवावी लागली. तेव्हापासून मी हे काम उलट्या टोकाकडून सुरू करते.

आधी ऊन आणि जागा बघा. सलग दोन दिवस कोरडी हवा असेल तरच हात घाला, आणि धुणं सकाळी लवकर उरका. एका दोरीवर रजई घातली की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू ओलीच राहते. त्यामुळे हातभर अंतरावर दोन मजबूत दोऱ्या बांधा. ओली रजई कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते, त्या हिशेबाने गाठी मारा.

आता कशाला पाणी लावायचं नाही ते. सुटा कापूस भरलेली, लांब लांब टाके असलेली रजई धुऊ नका. कापसाचे गोळे होतात आणि ते परत पसरत नाहीत. तिची खोळ धुवा, रजईला कडक ऊन द्या, कापूस फारच दबला असेल तर पिंजून पुन्हा भरून घ्या. बाकी सगळ्यांचं लेबल वाचा: टबाच्या चित्रावर फुली असेल तर घरी धुवायचं नाही, टबात हात असेल तर हातानेच, टबात आकडा असेल तर पाणी त्याहून गरम नको. लोकरीच्या ब्लँकेटला थंड पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि ब्लँकेट आटून ताठ होतं.

धुण्याआधी उसवलेली शिवण टाचून घ्या. बोटभर भोक मशीनमधून वीतभर होऊन बाहेर येतं. रक्ताचा डाग असेल तर तो थंड पाण्यानेच काढा, गरम पाण्याने पक्का बसतो. रंग जाईल अशी शंका असेल तर ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दाबून धरा.

मशीनमध्ये मावेल का, हे रजई कोरडी असतानाच ड्रममध्ये घालून बघायचं. वर तळहात सहज शिरला पाहिजे. मशीनवर लिहिलेले किलो इथे फारसे उपयोगी नाहीत, कारण रजईची अडचण वजनापेक्षा फुगवट्याची असते. कोंबून बसवली तर मधल्या भागात पाणी पोहोचत नाही आणि पोहोचलेला साबण निघत नाही. द्रव साबण घ्या, तोही नेहमीच्या निम्मा, आणि एक खळबळणं जास्त लावा. कपडे मऊ करणारं द्रावण वगळा, तंतूंवर त्याचा थर बसतो. लेबलची परवानगी असेल तर ६० अंश सेल्सिअसला धुवा, त्या उष्णतेत धुळीतले सूक्ष्म किडे मरतात.

वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये रजई हवा धरून तरंगते. पाच मिनिटांनी मशीन थांबवा, ती दाबून हवा काढा आणि उलटी करा. पाणी पिळताना मशीन धडधडायला लागलं तर रजई एका बाजूला गोळा झाली आहे असं समजा. थांबवून नीट पसरा, सोबत एक-दोन टॉवेल टाका. वॉटरप्रूफ गादीकव्हर मात्र वेगात फिरवू नका. त्यातून पाणी आरपार जात नाही, घडीत साचतं आणि मशीन जागेवरून उसळतं.

मशीनमध्ये मावत नसेल तर मोठा टब घ्या. कोमट पाण्यात साबण आधी विरघळवा, मग रजई पंख्यासारखी चुण्या घालून बुडवा. अर्ध्या तासाने पाय धुऊन आत उतरा आणि तुडवा. टब निसरडा होतो, भिंतीला हात असू द्या. पहिलं काळपट पाणी बघून जरा शरम वाटते, पण कामाचं चीज झाल्यासारखंही वाटतं. फेस यायचा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार वेळा, पाणी बदला. रजई पिळू नका आणि एका टोकाला धरून उचलूही नका, ओल्या भरणाच्या ओझ्याने टाके तुटतात. घडी घालून दाबा, टबाच्या काठावर तासभर निथळू द्या, मग खालून दोन्ही हातांनी, जमल्यास दोघांनी, उचला.

दोन्ही दोऱ्यांवर अशी पसरा की मध्ये झोळ पडेल आणि खालून वारा खेळेल. दर दोन तासांनी उलटा, आतले गोळे बोटांनी मोकळे करा, झटका. लोकरीचं ब्लँकेट मात्र आडवं पसरून सावलीत वाळवा, लटकवलं तर ताणलं जातं. पिसांची रजई ओली असताना पिसांचा वास मारते. घाबरू नका, वाळली की जातो. ती ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकून वाळवा. चेंडूंच्या आपटण्याने पिसं सुटी होतात.

वाळली का, हे उन्हात तपासू नका. तापलेलं कापड कोरडंच लागतं, आणि वरवरच्या कोरडेपणालाच मी फसले होते. रजई सावलीत आणा, तासभर गार होऊ द्या. मग सगळ्यात जाड कोपरा दोन तळव्यांमध्ये दाबून मनात दहापर्यंत मोजा. आतून गारवा जाणवला तर ओल आहे, उद्या पुन्हा दोरीवर. नाही जाणवला, तर सैल घडी घालून सुती पिशवीत ठेवा.