बुसिको मास्टरच्या वाटेला जाताय? आधी घड्या मोजा

मध्ययुगीन फ्रेंच हस्तलिखितांकडे वळणारे बरेच जण बुसिको मास्टरच्या प्रेमात पडूनच येतात. मीही तशीच आले. फ्रेंच सेनानी मार्शल बुसिकोसाठी १४०५ ते १४०८च्या सुमारास सजवलेल्या प्रार्थनापुस्तकावरून या निनावी चित्रकाराला हे नाव पडलं. पुस्तक पॅरिसच्या जॅकमार-आंद्रे संग्रहालयात आहे. त्यातलं मेरी-एलिझाबेथ भेटीचं पान बघा: मागे डोंगर, तळं, तळ्यात हंस, आणि क्षितिजाकडे उतरताना फिकट होत गेलेलं निळं आकाश. प्रेमात खुशाल पडा. प्रबंधाचा विषय मात्र त्याच आठवड्यात ठरवू नका.

कारण पुढेच खड्डा आहे. तसंच आकाश, तशीच कमान, तशीच झुकलेली मेरी दुसऱ्या पोथीत दिसते आणि आपण वहीत लिहून मोकळे होतो, ‘हाही तोच.’ माझा अख्खा एक तक्ता या पायी बाद झाला. त्या काळच्या पॅरिसमध्ये पोथी ही एकट्याची कामगिरी नसायची. मजकूर लिहिणारा वेगळा, कडा रंगवणारा वेगळा. लेखिका क्रिस्टीन द पिझाँ १४०५मध्ये अनास्तेझ नावाच्या एका चित्रकर्तीची तारीफ करते, तीही कडा आणि चित्रांमागचे देखावे रंगवण्याबद्दल. त्यातून नमुने या हातातून त्या हातात फिरायचे. म्हणजे रचना जुळली तर नमुना जुळला, एवढंच. हात, म्हणजे रंगवणारा माणूस, जुळला की नाही, ते अजून ठरायचंय.

हात शोधायचा तर घडी मोजा. आठ पानांची घडी म्हणजे एकात एक दुमडलेले चार चर्मपत्राचे ताव. पहिलं आणि आठवं पान एकाच तावाचं, दुसरं आणि सातवं एकाच तावाचं. रंगकाम बांधणीच्या आधी, सुट्या तावांवर व्हायचं आणि ताव वाटून दिले जायचे. त्यामुळे लागून असलेली दोन पानं दोघांची आणि लांबची दोन एकाची, असं सर्रास निघतं. मधे एखादं सुटं पान चिकटवलेलं असेल तर हिशेब चुकतो, म्हणून शिवणीचा दोरा कुठे दिसतो ते आधी टिपा. मग चेहरे सोडा आणि खडकाच्या कडा, गवताचे झुबके, रंगाचा पापुद्रा उडालाय तिथली खालची रेघ बघा. चेहरा नकलतात, गवत कोण नकलणार?

घाबरू नका, मोठेही इथे घसरले आहेत. बुसिकोच्या खात्यावर जमा असलेली बरीच पानं पुढे माझारीन मास्टर या दुसऱ्या निनावी चित्रकाराकडे गेली. १९०६मध्ये कलेचा इतिहासकार पॉल द्युरिय्यूने बुसिको मास्टर म्हणजे ब्रुजचा जाक कोएन असं सुचवलं. कोएनचं नाव कागदपत्रांत आहे, पण त्याची सही असलेलं एकही चित्र नाही. तुम्ही तरी नाव शोधण्यात वर्षं घालवू नका.

पोथीत रंगवलेल्या मालकाच्या घराण्याच्या चिन्हांवरही भिस्त नको. मार्शलचा दुतोंडी गरुड पुढचा मालक एमार द पॉयतिएने आपल्या चिन्हाखाली झाकून टाकला होता. उलट मजकूर कधी जास्त बोलतो: संतांच्या प्रार्थनांत पहिला मान कैद्यांचा वाली संत लेओनार्दचा, कारण मार्शल १३९६मध्ये निकोपोलिसच्या लढाईत कैद झाला होता.

चेहरे जुळवून देणारी सॉफ्टवेअरं मला आवडत नाहीत, आणि एका नजरेत ‘हा बुसिको’ म्हणणारे मार्गदर्शक त्याहून कमी. जमलं तर एखाद्या पोथी-दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसा.

सरावासाठी ‘लिव्र दे मेर्वेय’ (‘अद्भुतांचं पुस्तक’, प्रवासवर्णनांची पोथी) घ्या: २६५ चित्रं, अनेक हात, जानेवारी १४१३मध्ये बेरीच्या ड्यूकला भेट मिळालेली पोथी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिकावर फुकट दिसते. तिच्यात मार्को पोलो आहे आणि १३२१मध्ये आपल्या ठाणे शहरात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंची हकीकत सांगणारा प्रवासी साधू ओदोरिकही. कोल्लमच्या मिरीतोडणीचं चित्र तर चुकवूच नका.

मूळ पोथी मात्र सहजी हातात देत नाहीत. अर्जात ‘अमुक घडीची जोडणी तपासायची आहे’ असं नेमकं लिहा. ‘चित्रं पाहायची आहेत’ लिहिलंत, तर गॅलिकाचा पत्ता देऊन परत पाठवतील.